म्युनिकला येताय? आधी पत्त्याचं बघा, मग फिरण्याचं

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर तेच मेसेज सुरू होतात. ताई, पुढच्या महिन्यात म्युनिकला येतेय, कुकर आणू का, थंडीचे कपडे इथूनच घेऊ की तिथे, पोळपाट मिळतो का. कुकर आणा, जाड जॅकेट इथे घ्या, पोळपाट मिळतो पण त्या किमतीत सांगलीला चार येतील. एवढं झालं की आता खरं महत्त्वाचं ऐका. ह्या शहरात सगळं पत्त्याला टांगलेलं आहे. पत्ता नाही तर टॅक्स नंबर नाही, टॅक्स नंबर नाही तर पगारातून वाट्टेल तेवढं कापलं जातं, आणि व्हिसाचं पुढचं काम, मुलांची शाळा, इंटरनेटचं कनेक्शन सगळीकडे पहिला प्रश्न तोच, राहता कुठे. आणि आपली मंडळी येतात ती दोन आठवड्यांचं हॉटेल बुक करून, पहिला वीकेंड फोटो काढण्यात जातो आणि तिसऱ्या आठवड्यात मला रडवेला फोन येतो. म्हणून मी आधी कटकटीचं सांगणार, मग खायचं, फिरायचं सगळ्यात शेवटी.

नुसतं चार दिवस फिरायला येणार असाल तर घराचा भाग सोडून द्या, पण ट्रेनचा भाग वाचाच. दंड पाहुण्यांनाही तेवढाच बसतो.

विमानातून उतरल्यावर

सगळ्यात आधी नाव. म्युनिक हे इंग्रजी, इथे सगळ्या पाट्यांवर म्युन्शेन असतं, ते म्हणजे हेच, घाबरू नका. एअरपोर्ट शहरापासून साधारण ३५ किलोमीटर लांब आहे आणि शहरात यायला दोन लोकल आहेत, एस १ आणि एस ८. दोन्ही शहराच्या मध्यात जातात, एक पश्चिमेकडून आणि दुसरी पूर्वेकडून, वेळ साधारण पाऊण तास, त्यामुळे जी आधी येईल ती पकडा. टॅक्सी करू नका, तेवढ्या पैशात आठवड्याचा किराणा होतो.

परत जाताना मात्र एस १ मध्ये एक गंमत आहे जी कोणीच सांगत नाही. नॉयफान नावाच्या स्टेशनला ही गाडी तुटते, पुढचे डबे फ्रायझिंगला जातात आणि मागचे एअरपोर्टला. डब्यावर फ्लुगहाफेन लिहिलंय का ते चढतानाच बघा, फ्लुगहाफेन म्हणजे विमानतळ. माझ्या सासूबाईंना सोडायला गेलो तेव्हा आम्ही सगळे बॅगांसकट फ्रायझिंगच्या डब्यात होतो, नॉयफानला ज्या वेगाने सासूबाई प्लॅटफॉर्मवरून पळाल्या त्यानंतर त्यांच्या गुडघेदुखीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

तिकिटाचं असं की इथे स्टेशनवर गेट नाही, कोणी अडवत नाही, सरळ चालत जाऊन गाडीत बसता येतं. म्हणून फुकट आहे असं वाटतं. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि ६० युरो दंड लावतात, रडून, हसून, मी नवीन आहे सांगून काहीही उपयोग होत नाही. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती प्रामाणिक माणसाकडून होते. मशीनमधून कागदी तिकीट घेतलं तर ते बऱ्याचदा प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी छोट्या निळ्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. माझे पहिल्या आठवड्यातले ६० युरो असेच गेले, तिकीट हातात होतं, नवंकोरं. ॲपवरून काढलं की ही भानगड नसते.

तिकिटाचे झोन असतात, एम म्हणजे साधारण पूर्ण शहर, त्याबाहेर १, २ असे आकडे वाढत जातात, एअरपोर्ट ५ मध्ये. दोन-चारजण मिळून फिरणार असाल तर ग्रुपचं दिवसाचं तिकीट घ्या, एकेकट्याच्या तिकिटांपेक्षा खूप स्वस्त पडतं. राहायला आला असाल तर डॉइचलांडटिकेट घ्या, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून महिन्याला ६३. अख्ख्या जर्मनीतल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि रिजनल गाड्या त्यात येतात, फक्त आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाहीत. हे सबस्क्रिप्शन असतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं लागतं, नाहीतर पुढचा महिनाही कापला जातो.

अजून एक, एस-बानच्या, म्हणजे ह्या एस नावाच्या लोकलच्या, सगळ्या मुख्य लाइन शहराखालच्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक गाडी अडकली की दादर बंद पडल्यासारखं सगळं ठप्प. दुसरा बोगदा बांधताहेत, पण त्याची तारीख इतकी पुढे सरकलीय की आता पुढच्या दशकाची गोष्ट झालीय. वीकेंडला काम काढलेलं असतं, त्यामुळे विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवा.

पत्ता, म्हणजे अनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपण इथे राहतो अशी सरकारदरबारी नोंद करायची असते, तिला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी लागतं काय तर पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाची सही असलेला एक कागद, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हा शब्द पाठ करू नका, नुसता मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. हॉटेलच्या पत्त्यावर हे होत नाही. सुट्टीसाठी देतात तसल्या फ्लॅटवरही सहसा होत नाही. म्हणून येण्याआधी तात्पुरतं घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, इथे अनमेल्डुंग करता येईल का हा विचारा. तो हो म्हणाला तर थोडं महाग असलं तरी घ्या.

अपॉइंटमेंटला इथे टर्मिन म्हणतात, आणि टर्मिन मिळणं हाच ह्या शहरातला खरा खेळ. ऑफिस रूपर्टश्ट्रासेला आहे, पोचीश्ट्रासे स्टेशनला उतरायचं, यू ३ किंवा यू ६ ही मेट्रो पकडून. शहरात इतरत्र पण शाखा आहेत आणि कुठल्याही शाखेत गेलं तरी चालतं, जवळचीच हवी असा हट्ट धरू नका. वेबसाइटवर टर्मिन नाहीच असं दिसलं तर सकाळी लवकर परत बघा, लोक रद्द करत असतात. लग्न झालेल्यांनी लग्नाचं सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवा, भाषांतरासकट, कारण नवराबायकोचा टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा तो गट, त्यावर ठरतो.

फॉर्मवर धर्म विचारतात. ते माहितीसाठी नाही, पैशासाठी आहे. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्च टॅक्स कापला जातो, बायर्नमध्ये, म्हणजे ह्या बव्हेरिया राज्यात, तो इन्कम टॅक्सच्या ८ टक्के आहे. वसई-गोव्याकडच्या आपल्या ख्रिश्चन मित्रमैत्रिणींनी हे विचार करून लिहावं, बाकीच्यांसाठी प्रश्न मिटला.

नोंद झाली की काही आठवड्यांत पोस्टाने टॅक्स आयडी येतो. पोस्टाने! इथे महत्त्वाचं सगळं अजून पोस्टानेच येतं, बँकेचं कार्ड, पिन, इन्शुरन्सचं कार्ड सगळं. आणि आता सगळ्यात मोठी गोम ऐका. इथल्या बिल्डिंगमध्ये बहुतेकदा फ्लॅट नंबरच नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो, नाव दिसलं नाही की पत्र परत. म्हणजे घराची किल्ली हातात आली की सामान वर न्यायच्याही आधी कागदाच्या चिटोऱ्यावर आडनाव लिहून टपालपेटीवर आणि बेलवर चिकटवा. दुसऱ्याच्या नावाच्या घरात खोली घेतली असेल तरी त्याच्या नावाखाली आपलं लावा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं बँक कार्ड तीनदा परत गेलं, तो बँकेशी भांडत राहिला आणि पेटीवर नाव आधीच्या भाडेकरूचं.

आपल्या नावांचीही एक मजा आहे. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, इथे ते तुमचंच दुसरं नाव समजतात. त्यामुळे मला गेली आठ वर्षं नवऱ्याच्या नावाने हाक मारणारी पत्रं येतात. दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, फक्त सगळीकडे पासपोर्टप्रमाणे एकसारखं लिहा.

दोन-चार महिन्यांत अजून एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या फीचं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून फेकून देऊ नका, टीव्ही असो नसो, घरटी द्यावीच लागते. एका घरात चारजण असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी तो नंबर कळवायचा.

घर शोधणं

खरं सांगते, जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे हे. नवीन करार करायचा तर स्क्वेअर मीटरला २० युरोच्या वरच धरून चला. जाहिरात वाचताना आपला बीएचकेचा हिशोब बाजूला ठेवा, इथे खोल्या मोजतात आणि हॉल पण खोलीच. टू-रूम म्हणजे आपला वन बीएचके. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून, वीज बहुतेकदा त्यातही नसतेच. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, त्याहून जास्त कोणी मागू शकत नाही.

घर अनेकदा किचनशिवाय मिळतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले, कारण आधीचा भाडेकरू किचन उचलून घेऊन गेलेला असतो. छतावरून वायरी लोंबत असतात, बल्बसुद्धा नसतो. जाहिरातीत ईबीके लिहिलं असेल तर किचन आहे असं समजा.

मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा मग किल्ली कुरियर करतो असं सांगणारा प्रत्येक माणूस चोर आहे. घर फार सुंदर, मध्यवस्तीत आणि निम्म्या भाड्यात असेल तर तर नक्कीच. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही.

कुठे शोधावं? श्वाबिंग, हायडहाउझेन छान आहेत पण खिसा सांभाळा. मोझाख, लाइम, पासिंग, नॉयपेर्लाख, मेसेश्टाट रीम ह्या भागांत कुटुंबांसाठी बरं मिळतं. टीयूएमला, म्हणजे इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीला, गार्खिंग कॅम्पसवर असाल तर यू ६ च्या रांगेत कुठेही बघा, कारण कॅम्पस त्याच लाइनचं शेवटचं स्टेशन आहे. शिकायला येणाऱ्यांना आठवण, टीयूएमने २०२४-२५ च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या नवीन विद्यार्थ्यांना फी लावलीय, सेमिस्टरला २००० ते ६००० युरो. जर्मनीत शिक्षण फुकट ही काकांनी सांगितलेली माहिती जुनी झाली.

स्वयंपाकघर

आता आवडीचा विषय. पहिल्याच आठवड्यात इंडियन स्टोअर शोधत फिरायची गरज नाही, साध्या सुपरमार्केटमध्ये आपलं अर्धं घर भरतं, फक्त नावं माहीत हवीत. क्वार्क म्हणजे जवळजवळ चक्का, ४० टक्के फॅटचा घ्या, रात्रभर फडक्यात टांगा, साखर-केशर घाला, श्रीखंड तयार, पाडव्याला कोणाला पत्ता लागत नाही. बुटरमिल्श म्हणजे ताक, कढी होते. बुटरश्माल्त्स म्हणजे साजूक तूप. ग्रीस म्हणजे रवा. रोटे लिन्सेन म्हणजे मसूर डाळ. कोलराबी म्हणजे नवलकोल, आणि डिल म्हणजे शेपू, फक्त जुडी इतकी लहान की भाजी करायला सहा घ्याव्या लागतात.

जिऱ्यात फसू नका. क्युमल लिहिलेली पुडी दिसायला हुबेहूब जिऱ्यासारखी असते पण ते जिरं नाही, ते शहाजिऱ्याच्या जातीचं, वासाने वेगळंच. जिरं हवं असेल तर क्रॉइत्सक्युमल. माझी पहिली आमटी क्युमलच्या फोडणीची होती, नवऱ्याने काही न बोलता वरून लोणचं घेतलं.

कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी, वांगी ह्यासाठी मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला लांडवेरश्ट्रासे आणि गोएथेश्ट्रासेवर जा. तिथे तुर्की आणि अरबी दुकानांची रांग आहे आणि कोथिंबिरीची जुडी आपल्यासारखी भरगच्च मिळते. पोहे, हिंग, गूळ, मोहरी, कणीक हे मात्र इंडियन स्टोअरमधूनच. गोडा मसाला घरूनच आणा, त्याला पर्याय नाही.

शाकाहारी लोकांनी हॉटेलात केझेश्पेट्झ्ले मागवा, चीजमध्ये घोळलेला गव्हाचा प्रकार, वर तळलेला कांदा. रायबरडाची म्हणजे बटाट्याच्या किसाची धिरडी, सोबत सफरचंदाची चटणीवजा पेस्ट, उपासाच्या दिवशी बघून डोळ्यांत पाणी येतं. पण लेबरकेझ नावात केझ म्हणजे चीज असलं तरी पूर्ण मांसाचं असतं, त्यात चीज नसतं. श्माल्त्स नुसतं लिहिलं असेल तर ते बहुतेकदा डुकराच्या चरबीचं. रिंड म्हणजे बीफ, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे पोर्क, हेन्शन म्हणजे चिकन, एवढे चार शब्द पाठ केले की फसगत होत नाही.

नळाचं पाणी बिनधास्त प्या, आल्प्सच्या पायथ्याकडून येतं, उत्तम आहे.

रविवार, कचरा, शेजारी

दुकानं रात्री ८ ला बंद. रविवारी पूर्ण बंद, सुट्टीच्या दिवशीही बंद, आणि इथे सुट्ट्या १३ आहेत, त्यात १५ ऑगस्ट पण येतो, आपल्यासाठी नाही, मेरीमातेच्या सणासाठी. शनिवारी संध्याकाळी दूध आहे का बघायची सवय लावा. अडलंच तर मुख्य स्टेशन, ओस्टबानहोफ आणि एअरपोर्टवरची दुकानं उघडी असतात.

बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीवर साधारण ८ सेंट परत मिळतात, सुपरमार्केटमध्ये मशीन असतं. काचेचे कंटेनर रस्त्यावर असतात, त्यात रविवारी किंवा रात्री बरण्या टाकू नका, आवाज होतो म्हणून शेजारी खिडकीतून बघतात. रविवारी ड्रिल मशीन, व्हॅक्यूम काही नाही. रात्री १० नंतर मिक्सर नाही, इडलीचं पीठ संध्याकाळीच वाटा.

आणि खिडक्या उघडा. थंडीत सुद्धा रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि मालक डिपॉझिटमधून कापतो. तळणीचा वास जिन्यात गेला तर कोणी बोलत नाही, पण एक नोटीस मात्र लागते.

आजारी पडलात तर जिवावरचं असेल तरच ११२. नुसता ताप आहे आणि दवाखाना बंद आहे तर ११६११७. पॅरासिटामॉल किराणा दुकानात मिळत नाही, फक्त आपोथेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, त्यामुळे पंधरा दिवसांची औषधं घरून आणा.

आता फिरा

मारिएनप्लात्झला ११ किंवा १२ च्या ठोक्याला पोचा, नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावरच्या बाहुल्या नाचतात, वर १५६८ सालचं राजघराण्यातलं लग्न आणि खाली पिंपं बनवणाऱ्यांचा नाच. उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ला पण असतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मान दुखेपर्यंत बघावं असं काही नाही, पण पाहुण्यांना आवडतं. त्यापेक्षा समोरच्या सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर चढा, तीनशेच्या वर लाकडी पायऱ्या आहेत, वरून फ्राउएनकिर्ख ह्या मोठ्या चर्चच्या दोन मनोऱ्यांचे कांदाघुमट समोर दिसतात. शहरात शंभर मीटरपेक्षा उंच इमारती बांधू नयेत असा कौल लोकांनी २००४ मध्ये दिला तो ह्याच मनोऱ्यांकडे बघून. हवा स्वच्छ असेल तर मागे आल्प्सची रांग. फ्योन नावाचा गरम वारा डोंगरावरून सुटतो त्या दिवशी डोंगर अगदी हाताशी आल्यासारखे दिसतात आणि अर्ध्या शहराचं डोकं दुखतं.

खाली उतरलं की फिक्टुआलियेनमार्क्ट, १८०७ पासूनची मंडई. तिथून चालत ओडिऑन्सप्लात्झ. चौकाच्या मागच्या व्हिस्कार्डीगासे ह्या बोळात फरसबंदीत ब्राँझची एक वळणदार रेघ दिसेल. नाझींच्या काळात चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोर हात वर करून सलाम ठोकावा लागायचा, तो टाळायला लोक ह्या बोळातून वळून जायचे, त्यांची ती रेघ आहे. बहुतेक पर्यटक तिच्यावरून चालत जातात. तसंच युनिव्हर्सिटीच्या मुख्य इमारतीसमोर जमिनीत पत्रकं बसवलेली आहेत, सोफी आणि हान्स शोल ह्या बहीण-भावाला १८ फेब्रुवारी १९४३ ला इथेच नाझीविरोधी पत्रकं टाकताना पकडलं आणि चारच दिवसांत मारलं. डाखाऊच्या छळछावणीला जायचं असेल तर एस २, मग बस, प्रवेश मोफत. अर्धा दिवस ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, लहान मुलांना नेऊ नका.

डॉइचेस म्युझियम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचं म्युझियम, मुलांसाठी एक नंबर. चित्रं बघायची तर रविवार गाठा, आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेअर मोडेर्ने आणि ब्रांडहोर्स्टला रविवारी तिकीट १ युरो. ऑलिम्पिक पार्कातली टेकडी चढा, युद्धातल्या ढिगाऱ्याची बनलेली आहे, १९७२ च्या त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या हॉकी टीमने ब्राँझ घेतलं होतं. इंग्लिश गार्डन १७८९ मधलं, प्रचंड मोठं. तिथे उन्हाळ्यात काही हिरवळींवर लोक पूर्ण कपडे काढून ऊन खातात, आईबाबांना घेऊन जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

शहराबाहेर जायला बायर्न-टिकेट, पाचजणांपर्यंत एकत्र, आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतर चालतं. साल्झबुर्गपर्यंत ह्याच तिकिटावर जाता येतं, डॉइचलांडटिकेटवर पण. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायचा तर आतलं तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर बाहेरूनच परत यावं लागेल. मला विचाराल तर किल्ल्यापेक्षा टेगर्नझे तलाव, तासाभराचा प्रवास आणि गर्दी कमी.

ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे इथला बिअरचा मोठा उत्सव, नावाला ऑक्टोबरचं, सुरू होतं सप्टेंबरमध्ये आणि संपतं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तंबूत जायला तिकीट नसतं, पण वीकेंडला सकाळीच दारं बंद होतात, मंगळवारी दुपारी जा. त्या पंधरवड्यात हॉटेलचे भाव दुप्पट-तिप्पट असतात, तेव्हा आईबाबांचं तिकीट काढू नका.

पण खरं म्युनिक बिअर गार्डनमध्ये आहे, बिअर पीत नसाल तरी. इथे १८१२ पासून चालत आलेली पद्धत अशी की पेय त्यांच्याकडून घ्यायचं आणि खायला घरचं न्यायचं. हो, चक्क डबा. चेस्टनटच्या झाडाखाली लांब बाकं, शेजारच्या टेबलवर आजोबा मुळ्याचे चक्राकार काप करून मीठ लावून खाताहेत, आणि आपण थालीपीठ आणि दह्यातली चटणी काढायची. कोणी बघत नाही, फार तर आजोबा विचारतील हे काय, मग त्यांना एक द्या, ते मुळा देतील. फक्त ज्या टेबलवर कापड घातलंय तिथे डबा उघडू नका, तो वेटरचा भाग असतो, उघड्या लाकडी टेबलवर बसा. आणि मग परत देताना ग्लासचं डिपॉझिट घ्यायला विसरू नका.